बोर्ड रिकामा नको

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची कुणी मोजदाद केली, तर आमच्या कंट्रोल रूमच्या एसीला त्यात मानाचं पान द्यावं लागेल. बाहेर हायवेवर कुत्रीसुद्धा सावली शोधून पडलेली, आणि आत मी गळ्याला मफलर गुंडाळून बसलोय. का, तर यंत्रांना उकडतं! माणसाला थंडी वाजते ही गोष्ट कंपनीच्या कुठल्याही पुस्तिकेत नाही. एसीची फट नेमकी माझ्या मानेवर. तक्रार केली तर मनिष सर म्हणाले, "सुदर्शनभाई, सर्व्हर गरम झाला तर बंद पडतो."

"आणि मी गार पडलो तर?"

"तुमचा बॅकअप मिळेल."

हे मनिष सर आमचे इनचार्ज. वयाने माझ्या धाकट्या भावासारखे, बोलण्यात वलसाड आणि वसई दोन्ही. मी ज्या साप्ताहिकात तिरकस सदर लिहायचो ते वाचकांअभावी बंद पडलं. पन्नाशी ओलांडलेल्या विनोदी लेखकाला नोकरी कोण देणार? हायवेने दिली. तलासरीकडून मुंबईला जाणाऱ्या रस्त्यावर कंपनीने एक भलामोठा इलेक्ट्रिक बोर्ड उभा केलाय. पुढे अपघात असेल, गाडी बंद पडली असेल, तर त्यावर दिव्यांच्या अक्षरांत सूचना द्यायची. ती लिहायला मराठी-गुजराती जाणणारा माणूस हवा होता. माझ्या नेमणूकपत्रावर 'संदेश लेखक' असं आहे. माझ्या बायकोने, निलमने, ते वाचून विचारलं, "म्हणजे तारमास्तर?"

शेजारच्या खुर्चीवर शितल असते. पंचविशीची, किनाऱ्यावरच्या आगर गावची. कॅमेरे ती सांभाळते. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीभोवती चौकोन काढतं. चालती गाडी हिरवी, थांबली की लाल, आणि अलार्म वाजतो. मग शितल दुसरा कॅमेरा वळवून खात्री करते, कारण सॉफ्टवेअरला बैल, ताडपत्री आणि महालक्ष्मीच्या डोंगराची सावली यांतला फरक कळत नाही. खात्री झाली की गस्तीची गाडी, क्रेन, आणि शेवटी माझा बोर्ड.

"काका," ती म्हणाली (मला काका म्हणते, हा दुसरा अन्याय), "बोर्ड कोणी वाचत नाही."

"मी लिहिल्यावर वाचतील. वाचून गाड्या हळू होतील."

"पैज?"

"उंबाडियूची."

हिवाळ्यात हायवेच्या कडेला मडक्यात कंद, पापडी, रताळी भाजून देतात, त्याचं एक अख्खं मडकं. जो हरेल त्याने आणायचं. टाळी झाली.

९ नोव्हेंबर

दोन ओळी, एका ओळीत जेमतेम पंधरा अक्षरं. सदर लिहिताना संपादक माझी ओळ कापायचा, इथे बोर्डच कापतो.

तीन दिवसांत काहीही घडलं नाही. कुठे अपघात नाही, पंक्चर नाही. बोर्ड काळा. मनिष सर अस्वस्थ. "वरून फोन आला. बोर्ड रिकामा नको. रिकामा बोर्ड म्हणजे बंद बोर्ड, असं मोठे साहेब समजतात. काहीतरी टाका."

मी टाकलं:

घाई करून
चिकू पिकत नाही

सर हसले. पहिल्यांदाच दात दिसले. शितल म्हणाली, "बरं आहे." आगरची माणसं कौतुकाला कंजूष, त्यांच्या तोंडून 'बरं आहे' म्हणजे शाल-श्रीफळच.

१७ नोव्हेंबर

या आठवड्यातले बोर्ड: 'हेल्मेट घाला, डोकं असेल तर.' 'वेगाने जा, स्वर्गाला टोल नाही.' 'बायको वाट बघते, बघू दे.' शेवटचा निलमला आवडला नाही.

निलम तलासरीच्या शाळेत शिकवते. शाळा सुटली की नविनच्या इकोने मसोलीला घरी परत. इको म्हणजे सात माणसांची गाडी, नविन तिच्यात अकरा बसवतो. तोच गाडीत बोर्ड मोठ्याने वाचून दाखवतो म्हणे, गुजराती बायकांना अर्थही सांगतो. माझ्या सदराला आयुष्यात असा वाचक मिळाला नाही!

निलम म्हणाली, "हल्ली घरी यायला उशीर होतो हो."

"नविन सीट भरायला थांबत असेल."

"सीट भरलेल्याच असतात. तुमच्या बोर्डापाशी हळू करतो तो."

"रसिक आहे," मी म्हटलं.

ती कणीक मळायला लागली. जरा जोरात मळत होती.

२८ नोव्हेंबर

आज मला साक्षात्कार झाला. बोर्ड दोन पानं आलटूनपालटून दाखवू शकतो. पहिल्या पानावर कोडं, दुसऱ्यावर उत्तर! लहानपणी आजी कोडं घालून उठून जायची, तेव्हा आम्ही जागचे हलायचो नाही. तीच युक्ती.

पहिलं पान: 'चार पायांचा यम, ओळखा कोण?' दुसरं: 'मोकाट बैल, हळू जा.'

मनिष सरांनी मोबाइलवर फोटो काढून वर पाठवला. वरून अंगठा आला. मोठ्या साहेबांचा अंगठा म्हणजे आमच्याकडे पद्मश्री.

संध्याकाळी मात्र सॉफ्टवेअर पिसाळलं. बोर्डाच्या अलीकडे सारखा अलार्म: गर्दी, गर्दी. तिथे ना वळण ना खड्डा. शितल बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. "काका, ही गर्दी रोज तिथेच का होते?"

"डिसेंबर आला. लोक दमणला जातात."

"हा रस्ता मुंबईकडे जातो."

"मग परत येत असतील."

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. मुलगी हुशार आहे, पण पर्यटनाचं तिला कळत नाही.

११ डिसेंबर

घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून बोर्ड बघायला गेलो. खालून फार भव्य दिसतो. त्याच्या पायाशी जमना चिकूची पाटी घेऊन बसलेली. वरच्या पाड्यावरची बाई, महिन्यापूर्वी एकटी होती, आता ओळीने चौघी-पाचजणी. बाजाराचं शास्त्र अजब असतं. ना वस्ती, ना थांबा, आणि धंदा तेजीत!

"तूच का रे भाऊ ती पाटी लिवतो?" जमनाने वर बोट केलं.

"मीच."

"बेस लिवतो. पण काल सोपा घातला तू. लोकं लगेच गेली. जरा कठीण घाल."

चाळीस समीक्षक पालथे घातले तरी इतकी नेमकी दाद मिळणार नाही. मोबदला म्हणून तिने मूठभर चिकू माझ्या डिकीत टाकले, घ्यायलाच लावले. उद्यापासून कठीण कोडी.

१९ डिसेंबर

कामगिरीचा दिवस. बोर्डाच्या पुढच्या वळणावर एक टेम्पो पंक्चर होऊन उभा. क्लीनरने रिवाजाप्रमाणे झाडाच्या फांद्या तोडून मागे रस्त्यावर रचल्या. सॉफ्टवेअरने लगेच बोंब मारली: रस्त्यावर वस्तू. आम्ही वायरलेसवर गस्तीच्या रघ्याला धाडलं. त्याने झटपट फांद्या उचलून कडेला फेकल्या. रस्ता लख्ख! टेम्पो तेवढा उभा राहिला, चाक बदलून नंतर गेला. मनिष सरांनी 'अडथळा तत्काळ दूर' असं वर कळवलं. पुन्हा अंगठा.

शितल म्हणाली, "फांद्या टेम्पोआधी उचलल्या आपण."

"टेम्पो अडथळा नव्हता, वाहन होतं," मनिष सर म्हणाले. सरकारी उत्तरात जे सौंदर्य असतं ते यात होतं. मी ते मनात टिपून ठेवलं.

३ जानेवारी २०१८

नवीन वर्ष, नवीन कोडं. 'दिसला तेव्हा उशीर झाला, ओळखा कोण?' उत्तर: 'उभा ट्रक, अंतर ठेवा.' मोबाइलवर फिरत फिरत ते माझ्या मेहुण्याकडून मलाच आलं, खाली लिहिलेलं: 'कोण आहे हा अवलिया?' मी उत्तर दिलं नाही. अवलियाने देऊ नये.

निलम आज म्हणाली, "एक विचारू? तुमचा बोर्ड नसला तर काय होईल?"

"रिकामा राहील."

"मग?"

बायकोला कारभार समजावून सांगणं कठीण असतं.

१२ जानेवारी, शुक्रवार

शांतपणे लिहायचं ठरवलंय. सगळे धड आहेत, हे आधीच लिहून ठेवतो.

दुपार कलल्यावर बोर्डाच्या पुढच्या वळणावर एका ट्रेलरचा अ‍ॅक्सल तुटला. डाव्या लेनमध्ये आडवातिडवा बसला. लाल चौकोन, अलार्म. शितलने कॅमेरा वळवला, खात्री केली, क्रेन मागवली, रघ्याला पाठवलं. सगळं पुस्तिकेप्रमाणे. मी कोडं काढून बोर्डावर टाकलं:

पुढे ट्रक बंद
डावी लेन सोडा

खोटं कशाला सांगू, जरा बरंच वाटलं. एकदाची खरी बातमी लिहायला मिळाली होती.

मग बोर्डाच्या अलीकडे गर्दीचा अलार्म वाजला. रोजचाच, म्हणून मी चहा ओतून घेतला. शितलने त्या कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं आणि मला म्हणाली, "काका, इकडे बघा जरा."

बघितलं. गाड्या बोर्डाखाली जवळजवळ थांबलेल्या. प्रत्येक खिडकीतून एक हात बाहेर, हातात मोबाइल. एक गृहस्थ तर मान बाहेर काढून बोर्डाकडे टक लावून हसत होते.

"काय बघतायत?"

"उत्तर," शितल म्हणाली. "पुढचं पान कधी येतंय त्याची वाट बघतायत."

"अगं, हे कोडं नाहीये!"

"त्यांना काय माहीत?"

मी बघत राहिलो. एकेक गाडी थांबायची, वाट बघायची, कंटाळून निघायची, आणि निघाली की त्याच डाव्या लेनमधून वळणाकडे सुटायची. रांग मागे वाढत चालली होती. बोर्डाच्या मागे चढ आहे. तलासरीकडून येणारा माणूस चढाच्या माथ्यावर पोचेपर्यंत त्याला पलीकडचं काही दिसत नाही. रांगेचं शेपूट माथ्याला लागून बोर्डाकडच्या उतारावर येऊन थांबलं होतं. तिथे शेवटची गाडी पांढरी इको होती. मागच्या काचेवर 'आई महालक्ष्मी', टपावर हिरवी ताडपत्री. नविनची.

ही शाळा सुटून घरी यायची वेळ.

माझ्या हातात चहा होता. तो कुठे ठेवला आठवत नाही.

"काका, बोर्ड विझवा," शितल म्हणाली.

"खरी सूचना आहे ती!"

"खरी आहे. पण तुम्ही लिहिलीय ना."

मनिष सर मागून म्हणाले, "रिकामा नाही चालणार, सुदर्शनभाई, अपघाताच्या टायमाला तर—"

मी विझवला.

बोर्ड काळा पडला आणि खाली एकदम सगळ्यांना घर आठवलं. हात आत गेले. गाड्या सरकायला लागल्या. पांढरी इकोही सरकली, रमतगमत, नविनसारखीच. तिच्यामागे रस्ता मोकळा होत होता, तेवढ्यात माथ्यावर एक टँकर आला. त्याने ब्रेक मारले. कॅमेऱ्याला आवाज नसतो. टायरांतून पांढरा धूर निघाला, टँकरचं तोंड थोडं वाकडं झालं, आणि तो थांबला. जिथे थांबला तिथे क्षणापूर्वी इको उभी होती.

शितलने माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पण आता पुढे वळणावर ट्रेलर, आणि बोर्ड मुका. वायरलेसवर रघ्या आला. "साहेब, इथे क्लीनरने करंजाच्या फांद्या टाकल्यात लायनीने. तुमच्याकडे अलार्म वाजत असेल ना? उचलतो."

"हात लावू नकोस," मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा वायरलेसवर ओरडलो. "उलट आणखी तोड. वळणाच्या पार अलीकडेपर्यंत टाक."

"आणखी? नक्की का?"

"नक्की."

आम्ही दुसऱ्या कॅमेऱ्यावर बघत होतो. गाड्या वेगाने यायच्या, पहिली फांदी दिसली की मुकाट्याने उजवीकडे व्हायच्या. हरियाणाचा ट्रक, गुजरातची बस, मुंबईची मोटार, सगळे. फांद्यांवर काय लिहिलंय ते कुणी थांबून वाचलं नाही. चिकूच्या क्रेटांचा एक पिकअप तेवढा ट्रेलरला घासून गेला, थोडे चिकू सांडले. क्रेन आली, ट्रेलर गेला. अलार्म मात्र शेवटपर्यंत वाजत होता: रस्त्यावर वस्तू, रस्त्यावर वस्तू.

घरी आलो तर निलम वाल सोलत बसलेली. शेजारी बसलो, सोलायला घेतले.

"आज तुमचा बोर्ड मध्येच गेला," ती म्हणाली. "नविन हिरमुसला. उत्तर राहिलं म्हणाला."

"हं."

"मागे काहीतरी कर्कश वाजलं. मी वळून नाही बघितलं." पुढचा वाल सोलत म्हणाली, "त्याला रोज सांगायचे, अरे पुढे घे. ऐकायचा नाही. तुम्हालाही सांगणार होते नीट. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी तुमचं लिहिलेलं वाचत होतं..."

मी वाल सोलत राहिलो. सालंसुद्धा भांड्यात टाकत होतो, तिने मुकाट्याने निवडून काढली.

"उद्या कोडं नाही ना?"

"नाही."

"बरं," निलम म्हणाली.

१३ जानेवारी

शितल म्हणाली, "काका, पैज तुम्ही जिंकलात."

"कसली?"

"लोक वाचतील आणि गाड्या हळू होतील. झाल्या की. उंबाडियू आणते सोमवारी."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

२२ जानेवारी

बैठक. मी सुचवलं की बोर्ड एरवी रिकामा ठेवावा. पुढे खरंच काही असेल तेव्हाच पेटवावा, एका पानावर, साध्या शब्दांत. काम संपलं की लगेच विझवावा. आणि बंद गाडी हलेपर्यंत तिच्यामागच्या फांद्यांना गस्तीने हात लावू नये.

मनिष सर म्हणाले, "रिकामा बोर्ड म्हणजे बंद बोर्ड."

"रिकामा बोर्ड म्हणजे पुढे रस्ता ठीक आहे."

"हे मोठ्या साहेबांना कोण सांगणार?"

"मला फोन लावून द्या."

लावून दिला. मोठ्या साहेबांना कोडी फार आवडायची, दुःख झालं त्यांना. पण टँकरचं चित्र बघितल्यावर महिनाभर करून बघू म्हणाले. मग विचारलं, "बोर्ड रिकामा, मग संदेश लेखकाचं काय काम?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, मला कॅमेऱ्यावर बसवा. म्हणजे आजपासून मी ऑपरेटर, शितलच्या हाताखाली शिकाऊ. तिने पहिला धडा दिला: "काका, लाल चौकोन दिसला की आधी चहा खाली ठेवायचा."

जाताना जमनाकडे थांबलो. पाट्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही.

"तुझी पाटी मेली काय रे?"

"मेली."

"मग आमचा कसा?"

याचा विचार मी केला नव्हता, हे इथे लिहून ठेवतो. रघ्याशी बोललो. पुढे ट्रक थांबायला कडेला मोकळी जागा सोडलेली आहे, तिथे गाड्या रीतसर थांबतात. तिथे बसलात तर गस्तीवाले उठवणार नाहीत असं त्याने कबूल केलं. जमना म्हणाली, "तिकडे ट्रकवाले. ते चिकू कवा खातात?" मग पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "बघू. आमी मडकी पण लावू तिकडे."

३० जानेवारी

आज एक मोटार डाव्या लेनमध्ये बंद पडली. शितल म्हणाली, "टाका काका."

डावी लेन बंद
उजवीकडे व्हा

आठवडाभर काळा असलेला बोर्ड पेटला. मोबाइल निघाला नाही. मान बाहेर आली नाही. गाड्या ओळीने उजवीकडे झाल्या, जशा फांद्यांपाशी झाल्या होत्या. आयुष्यात लिहिलेलं सर्वांत रटाळ वाक्य, आणि यच्चयावत वाचकांनी ऐकलं. मोटार ओढून नेली, मी बोर्ड विझवला. कुणी हसलं नाही. शितल एवढंच म्हणाली, "बरं आहे."

ती कॅन्टीनला गेली. तिने आणते म्हटलेलं मडकं दोनदा मी काहीबाही सांगून टाळलंय. आज सकाळी येताना कडेच्या मोकळ्या जागेत थांबलो होतो. जमनाची मडकी लागलीत, ट्रकवाले बसून खात होते. एक मडकं तिने राखेतून काढून दिलं, वर हिरव्या चटणीची पुडी. दिवसभर ते डिकीत होतं, उबेसाठी गोणपाटात गुंडाळून.

खाली जाऊन आणलं आणि शितलच्या टेबलावर ठेवलं. एसी नेमका त्याच्या तोंडावर येत होता. मफलर सोडून मडक्याला गुंडाळला, आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसलो.